शेडखालचं सरण

माझे वडील वारले तेव्हा गावानं त्यांच्यासाठी दोन मिनिटं मौन पाळलं. पेपरात बातमी आली, फोटो आला. त्याआधी याच गावानं ते जिवंत असताना त्यांच्याशी कित्येक वर्षं मौन पाळलं होतं. त्याची बातमी कुठं आली नाही.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. जळकोटच्या पुढं आमचं गाव. अण्णा फौजेत ड्रायव्हर होते, डोंगरातल्या रस्त्यांवर मोठे ट्रक चालवायचे. माझ्या जन्माच्या वेळी ते तिकडं बर्फात होते, भावाच्या जन्माच्या वेळीही तिकडंच. सुट्टीवर यायचे तेव्हा रेल्वेनं नांदेडपर्यंत आणि तिथून एसटीनं. आले की पहिल्याच सकाळी अंगणात बादली घेऊन बसायचे आणि घरातले सगळे कपडे धुवायला काढायचे. आईची लुगडीसुद्धा. येणारे-जाणारे हसायचे. आई लाजून आत जायची, दारातून म्हणायची, "ठेवा की ते. लोक काय म्हनतील?" अण्णा पिळा घालत म्हणायचे, "तिथं माझे कपडे मीच धुतो. गावात आल्यावर हात गळून पडतात का माझे?"

माझ्या वेण्याही ते घालायचे. इतक्या घट्ट, की दिवसभर भुवया वर ओढल्यासारख्या राहायच्या. शाळेत बाई विचारायच्या, वडील आले वाटतं सुट्टीवर. सुट्टी संपली की जायच्या दिवशी ते कुणाशी बोलायचे नाहीत. घरातली कुठली तरी मोडकी वस्तू दुरुस्त करत बसायचे, बाजेची नवार ओढ, दाराचा कोयंडा बसव, असं काहीतरी, आणि एसटीची वेळ झाली की पाठ करून निघायचे. वळून बघायचे नाहीत. आई म्हणायची, वळून बघितलं तर नोकरी सोडतील हे.

ते रिटायर होऊन आले तेव्हा मी जळकोटला कॉलेजात जात होते. गावानं त्यांची मिरवणूक काढली. उघडी जीप, फुलांचे हार, पुढं डीजे. माझा चुलता, अण्णांचा धाकटा भाऊ, जीपपुढं घाम निथळेपर्यंत नाचला. बायकांनी दारोदार ओवाळलं. पारावर सरपंचानं भाषण केलं की हे पोर आपल्या गावाचं नाक आहे. अण्णा संकोचून बसले होते, पण खूश होते हे मला दिसत होतं. पुढच्या झेंडावंदनाला त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. लोक त्यांना फौजी म्हणू लागले. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाची गाडी बंद पडली, की फौजीला बोलवा. त्यांनी गावातच दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. आता कुठं जायचं नाही, असं ते दिवसातून एकदा तरी आईला सांगायचे.

ते गावात आल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात गावाबाहेरच्या दलितवस्तीतली एक म्हातारी वारली. माझ्या आणि भावाच्या वेळची आईची बाळंतपणं तिनंच काढली होती. अण्णा बर्फात असताना आईच्या डोक्याशी रात्रंदिवस तीच बसून होती. अण्णा प्रत्येक सुट्टीत तिला लुगडं घेऊन जायचे आणि तिच्या ओसरीवर चहा प्यायचे. त्याबद्दल गावात कुजबूज होती, पण सुट्टीवर आलेल्या माणसाला कोण बोलणार?

वस्तीचा मसनवटा ओढ्याच्या पलीकडं होता, उघड्यावर. तीन दिवस झड लागलेली, ओढा दोन्ही काठ धरून चाललेला. तिकडं जायची सोय नव्हती. गावाचा मसनवटा ओढ्याच्या अलीकडं, तिथं पत्र्याचं शेड होतं, खाली सिमेंटचा ओटा. सरकारनंच बांधून दिलेलं. पण तिथं वस्तीतलं मयत नेत नसत. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. नेत नसत, एवढंच.

म्हातारीची तिरडी सकाळपासून रस्त्याच्या कडेला ठेवली होती. वर खताच्या पोत्यांचा प्लॅस्टिकचा कागद टाकलेला, त्यावर पाऊस वाजत होता. तिचा मुलगा आणि वस्तीतली चार-सहा माणसं गोणपाटाच्या खोळी घेऊन शेजारी उकिडवी बसली होती, ओढा उतरायची वाट बघत. अण्णा वावरातून येत होते. त्यांनी ते पाहिलं आणि तसेच चिखलानं भरलेल्या पायांनी सरपंचाच्या घरी गेले. मी कॉलेजला निघाले होते, एसटी आली नव्हती म्हणून सरपंचाच्या घरासमोरच्या थांब्यात उभी होते. मला सगळं ऐकू आलं.

अण्णा म्हणाले, शेड मोकळं आहे, आजच्या दिवस तिथं नेऊ द्या. सरपंच खुर्चीतून उठलाही नाही. तो म्हणाला, "फौजी, तुमचं ते तिकडं चालत असंल. हितं गाव हाय."

"तिकडं पन मानसंच मरत्यात, सरपंच," अण्णा म्हणाले.

सरपंचानं समजावून सांगितलं. आज एकाला जागा दिली की उद्या हक्क सांगतील. ओढा काय, संध्याकाळपर्यंत उतरेल. नाही उतरला तर उद्या. अण्णा आले तसे परत रस्त्याकडे गेले आणि म्हातारीच्या मुलाला म्हणाले, उचला. तो उठेना. तो घाबरला होता आणि त्याचं घाबरणं बरोबर होतं. अण्णांनी पुढची बाजू स्वतः खांद्यावर घेतली तेव्हा बाकीच्यांना उठावंच लागलं. आमच्या गोठ्याच्या माळ्यावरची कोरडी लाकडं अण्णांनी बैलगाडीनं आणवली. शेडखाली सरण रचलं आणि म्हातारी नीट जळली.

त्या दिवशी कुणी आडवं आलं नाही. पारावर माणसं जमली होती, पण फौजी माणूस, डोकं फिरलं तर काय करील, असं म्हणून ती पारावरच राहिली. अण्णा घरी आले, अंघोळ केली, जेवले. आईनं वाढलं. ती एवढंच म्हणाली की म्हातारीला रात्रभर पावसात राहावं लागलं नाही, बरं झालं.

बहिष्कार असा शब्द गावात कुणी उच्चारला नाही. अजूनही उच्चारत नाहीत. शेड बाटलं, एवढंच पारावर म्हणत. आई दळण घेऊन गिरणीत गेली तर गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. शेजारणीचं दळण मात्र आई घरी पोचायच्या आत दळून आलं. दूधवाला यायचा बंद झाला. न्हाव्यानं अण्णांना सांगितलं की तुम्ही जळकोटलाच जात जा, माझ्यावर येऊ देऊ नका. चुलत्यानं दोन घरांच्या मधे पत्रे ठोकले. जो भाऊ जीपपुढं नाचला होता त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिकाही आम्हाला आली नाही. मांडव आमच्या दारापर्यंत आला होता. आम्ही दार लावून आत बसलो आणि मंगलाष्टका ऐकल्या.

सोयाबीन काढणीला आलं तेव्हा मळणीयंत्र आमचं वावर सोडून पुढं गेलं. अण्णा यंत्राच्या मालकाकडं तीनदा गेले. तो दर वेळी हाव, येतो म्हणायचा आणि यायचा नाही. परतीच्या पावसात शेंगांतच कोंब फुटले. अण्णा त्या वावरात बांधावर बसून राहिले. मी भाकरी घेऊन गेले होते. त्यांनी एक शेंग उकलून मला दाखवली.

म्हातारीचा मुलगा सुरुवातीला मागच्या बाजूनं यायचा आणि आमचं दळण सायकलवर जळकोटला घेऊन जायचा. मग एक दिवस तो आला नाही. नंतर कळलं, त्याला सांगितलं गेलं होतं की फौजीच्या घरी दिसलास तर कुणाच्या वावरात काम मिळणार नाही.

मग झेंडावंदन आलं. आईनं सांगितलं, जाऊ नका. अण्णांनी कोट घातला, पदकं लावली, बूट असे घासले की त्यात तोंड दिसावं. शाळेच्या पटांगणात पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची नव्हती. कुणी त्यांना निघून जा म्हणालं नाही, कुणी बसा म्हणालं नाही. ते पोरांच्या रांगांच्या मागं जाऊन ताठ उभे राहिले. राष्ट्रगीताला सॅल्यूट केला. सरपंचाचं भाषण झालं, देशासाठी लढणाऱ्या जवानांबद्दल. ते सगळं भाषण त्यांनी उभ्यानं ऐकलं. घरी येऊन कोट हँगरला लावला आणि पदकं काढून कपाटात ठेवली. त्यानंतर मी ती त्यांच्या छातीवर कधी पाहिली नाहीत.

माझं लग्न ठरत आलं होतं. देगलूरकडचं स्थळ होतं, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. पाहुण्यांना गावातून कुणीतरी फोन केला. त्यांनी कळवलं की मुलाला पुढं शिकायचंय. तेव्हा मी आईला पहिल्यांदा अण्णांवर तुटून पडताना पाहिलं. ती ओरडली नाही. चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "त्या म्हातारीनं मला जीव दिला, मला ठावं हाय. तुमी केलं ते वाईट केलं असं मी म्हनत न्हाई. पन माझ्या लेकीचं लगीन तुमी मोडलंत. हेबी खरं हाय का न्हाई?"

अण्णा म्हणाले, "खरं हाय."

त्या घरात पुढं वर्षभर याहून जास्त कुणी काही बोललं नाही.

मग आम्ही लातूरला आलो. स्लॅबचं घर कुलूप लावून तसंच ठेवलं, वावर पडीक. अण्णांना एका खाजगी क्लासच्या गेटवर गार्डची नोकरी मिळाली. सकाळी सहाला हजारो पोरं सायकली आणि स्कूटी घेऊन त्या गल्लीत शिरायची, आणि माझे वडील शिट्टी तोंडात धरून त्यांना वळवायचे. गणवेश निळा होता, खांद्यावर खोट्या पट्ट्या, छातीवर पितळी बिल्ला. ते रोज तो कडक इस्त्री करून घालायचे. क्लासचा मालक येणाऱ्या पालकांना मुद्दाम गेटपाशी थांबवून सांगायचा, आमचा गार्ड मिलिटरीतला आहे. मग अण्णांकडं बघायचा. अण्णांना सॅल्यूट करावा लागायचा. मी हे स्वतः पाहिलं आहे. मालकाचं वय माझ्या भावापेक्षा फार नव्हतं.

मी भावाबद्दलही लिहिते. त्याला शाळेपासून फौजेत जायचं होतं. गावातल्या त्या दोन वर्षांनंतर त्यानं फौजेचं नाव काढणं सोडलं. शिकून पुण्याला गेला, नोकरीला लागला, आणि सणाला यायचा तेव्हा अण्णांशी जेवणाबद्दल आणि हवापाण्याबद्दल बोलायचा. मला एकदा म्हणाला की अण्णांनी एका दिवसात मोठं मन दाखवलं, त्याचं भाडं आपण अजून भरतोय. मला त्याचा राग आला आणि मी उठून आत गेले.

लातूरच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत अण्णांनी आईला सांभाळलं. तिचे गुडघे गेले, मग बोटं वाकडी झाली. अण्णांनी ज्वारीच्या भाकरी थापायचं शिकून घेतलं. पहिल्या-पहिल्या भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच फाटायच्या. आई पलंगावरून सूचना द्यायची, हसायची, मधेच तिला गावातलं आठवायचं आणि ती तोंड फिरवायची. ड्युटीवरून आले की ते तिचे पाय चेपायचे, तिला धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवत न्यायचे. तिथल्या बायका मला म्हणायच्या, असा नवरा नशिबानं मिळतो. आईला हे सांगितलं तर ती म्हणायची, हाव, नशीबच की.

मी नांदेडला शिक्षिका झाले, लग्न माझं मीच ठरवलं. माझी मुलगी झाली तेव्हा अण्णा सुट्टी टाकून आले आणि दवाखान्याच्या बाकड्यावरून हलले नाहीत. नर्सनं बाळ आणून दिलं तेव्हा त्यांनी आधी हात शर्टाला पुसले, मग ते घेतलं. म्हणाले, "तुला मी पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा तू बसायला लागली होतीस." त्या मुक्कामात मी त्यांना विचारलं की त्या दिवसाचा पश्चात्ताप होतो का. ते बाळाचं दुपटं घडी घालत होते, चारी कोपरे जुळवून. म्हणाले, "त्या बाईला पावसात ठेवून मला घरी जेवन गेलं असतं का? न्हाई गेलं असतं. मग कामून इचारतीस."

ते गेटवरच गेले. सकाळची बॅच सुटली होती. खुर्चीत बसले, शिट्टी गळ्यात होती. पोरांना वाटलं डोळा लागला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी नांदेडहून पोचले तोवर दारात दोन गाड्या उभ्या होत्या. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी गेली होती. सरपंच आला होता, आता माजी, केस पांढरे झालेले. त्याचा मुलगा ग्रामपंचायतीला उभा राहणार होता, तोही होता. चुलता अण्णांच्या पायांवर पडून रडत होता. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्यांना अण्णांना गावी न्यायचं होतं. गावच्या मातीत, सन्मानानं. माजी सैनिकांना कळवलं होतं, ट्रॉली सजवायला सांगितली होती. फ्लेक्स छापूनही झाला होता, एकानं मोबाईलमध्ये दाखवला. वर अण्णांचा फौजेतला फोटो, खाली हात जोडलेल्या लोकांची रांग, त्यात माजी सरपंचाचा मुलगा सगळ्यात मोठा.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "कुठं जाळनार?"

"आपल्या मसनवट्यात, वैनी. शेडखाली," माजी सरपंच म्हणाला.

"ते तर बाटलंय म्हनत हुतात तुमी."

चुलत्याचं रडणं थांबलं. मग माजी सरपंच अगदी मऊ आवाजात म्हणाला, "जुनं कामून काढायचं, वैनी. मानूस गेला."

आई म्हणाली, ते इथंच राहतील. लातूरलाच करा जे करायचं ते. मीही तेच म्हणाले. पण आमच्यात असल्या वेळी बायकोचं आणि मुलीचं विचारत नाहीत. सगळे भावाकडं बघत होते. तो पुण्याहून नुकताच पोचला होता, त्याचे डोळे सुजले होते. तो म्हणाला, "आई, आता पुरे. एवढी वर्षं झाली. एकदाचं मिटू दे." आणि गाववाल्यांना म्हणाला, न्या.

गावात डीजेवर देशभक्तीची गाणी लागली होती. ज्या गिरणीवाल्याचा पट्टा आमच्यासाठी कायम तुटलेला असायचा त्यानं ट्रॉलीवर फुलं टाकली. भाषणं झाली, फौजी आणि गाव यांचं नातं कसं अतूट होतं यावर. वस्तीतली माणसं आली होती, पण ती शेडपासून लांब, बाभळीखाली उभी राहिली. म्हातारीचा मुलगा खांदा द्यायला पुढं आला होता. त्याला कुणीतरी सांगितलं की खांदेकऱ्यांचे नंबर झालेत. शेवटी माजी सरपंचाच्या मुलानं जाहीर केलं की मसनवट्याच्या रस्त्यावर फौजींच्या नावानं कमान उभारू. टाळ्या वाजल्या. मयताला टाळ्या वाजतात हे मी त्या दिवशी पाहिलं.

माजी सरपंचाचा मुलगा निवडून आला. कमान झाली. वस्तीला ओढ्यापलीकडं वेगळा सिमेंटचा ओटा करून दिला आणि ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून पूल केला, म्हणजे पावसाळ्यातही त्यांना तिकडंच जाता यावं. माझ्या वडलांच्या नावाच्या कमानीखालून वस्तीतलं मयत जायचं काम उरलं नाही. उद्घाटनाला भाऊ गेला होता. त्यानं फोटो पाठवले. मी ते आईला दाखवले नाहीत.

आई आता माझ्याकडं नांदेडला असते. मागच्या हिवाळ्यात म्हातारीचा मुलगा बायकोला दवाखान्यात दाखवायला नांदेडला आला होता, तेव्हा दोन दिवस आमच्याकडं उतरला. तोही म्हातारा दिसायला लागलाय. जेवताना अण्णांचा विषय निघाला. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "ताई, राग नका मानू. त्येंच्यामुळं माझ्या मायला शेड मिळालं, ते म्या मरेपर्यंत इसरनार न्हाई. पन कवा कवा वाटतं, त्या दिवशी ओढा उतरायची वाट पाह्यली असती तर बरं झालं असतं. आमालाबी नंतर कुनी वावरात उभं केलं न्हाई. माझी थोरली तवाच शाळा सोडून ऊस तोडाया गेली. ती काय परत शाळंत गेली न्हाई."

हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही लातूरला आल्यावर विचारलंही नव्हतं. अण्णांना ठाऊक होतं का, तेही मला माहीत नाही.

आईनं त्याच्या ताटात भाजी वाढली. तिची बोटं आता पळी नीट धरत नाहीत, थोडी भाजी खाली सांडली. ती पुसत ती म्हणाली, "खरं बोललास." मग त्याच्या बायकोला विचारू लागली की डॉक्टरनं गोळ्या जेवणाआधी घ्यायला सांगितल्यात की नंतर.